हॉटेलात टेबल आहे, गाडीला जागा आहे का?

आमचे दाजी रेल्वेतून निवृत्त झाले. छत्तीस वर्षांची नोकरी, एकही ठपका नाही. ताई म्हणाली, "या वेळी घरी स्वयंपाक नको. कुठेतरी चांगल्या हॉटेलात जेवू. फक्त गाडी दारात लागेल असं बघ, आईला चालवत नाही." आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे. काठी घेऊन ती वीस-पंचवीस पावले चालते आणि मग थांबते. अशा माणसाला घेऊन मुंबईत जेवायला जायचे तर जेवण काय मिळते हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, गाडी कुठे लावायची?

मी सहा हॉटेलांना फोन केले. आपल्याकडे जेवणाच्या जागेलाही हॉटेलच म्हणतात, म्हणून तोच शब्द वापरतो. सहाही ठिकाणी मी एकच प्रश्न विचारला, "पार्किंग आहे का?" पाच ठिकाणी एकच उत्तर मिळाले, "वॅले आहे सर." सहाव्याने प्रामाणिकपणे "नाही" म्हणून सांगितले. 'पार्किंग आहे' आणि 'वॅले आहे' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मला वकील असूनही त्या रात्रीपर्यंत नीट उमगले नव्हते.

लोअर परळ भागातील एका हॉटेलात आम्ही गेलो. दारात गणवेशातील विशी-बाविशीचा एक मुलगा उभा होता. त्याने अदबीने दार उघडले, आईला हात दिला, किल्ली घेतली आणि एक कुपन हातात ठेवले. कुपनावर मागे बारीक अक्षरात छापले होते की गाडी मालकाच्या जबाबदारीवर. जेवण उत्तम होते, ते नाकारत नाही. मात्र गोड पदार्थ येण्याआधीच माझ्या मोबाईलवर ई-चलनाचा संदेश आला. नो पार्किंग. वेळ आमच्या जेवणाची, ठिकाण मागचा रस्ता. म्हणजे ज्या गाडीची किल्ली माझ्याजवळ नव्हती, जी मी लावलेली नव्हती, त्या गाडीचा दंड माझ्या नावावर! ई-चलनात चालक कोण हे कॅमेरा विचारत नाही. नोंदणी ज्याच्या नावावर, चलन त्याच्या नावावर.

मी व्यवस्थापकाकडे गेलो. आधी तो म्हणाला, "गाडी तुमची, चलन तुमचे." मी वकील आहे हे कळल्यावर त्याचा सूर बदलला. "काळजी करू नका सर, आम्ही त्या मुलाच्या पगारातून कापून तुम्हाला देतो." तो मुलगा मागेच उभा होता. खाली मान घालून तो म्हणाला, "साहेब, या महिन्यात हे तिसरं आहे." दाजी आयुष्यभर कामगार संघटनेत राहिलेले. ते पुढे झाले आणि व्यवस्थापकाला म्हणाले, "पोराच्या पगारातला एक रुपया कापायचा नाही." मग मुलाकडे वळून म्हणाले, "बाळा, गाडी तिथे लावायला तुला कोणी सांगितलं?" मुलगा गप्प राहिला. सांगणारा समोरच उभा होता.

चलन मी भरले. मात्र प्रकरण तेथे संपले नाही, आणि म्हणूनच आज या स्तंभात हा विषय घेतला आहे. हॉटेलात जाणे, गाडी लावणे ही पैसेवाल्यांची दुखणी, चळवळीच्या वृत्तपत्रात त्यांचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. तसे वाटू नये. शिक्षण आणि आरक्षणाच्या बळावर आपल्याही घरांसमोर गाड्या उभ्या राहिल्या आहेत, याचा अभिमानच आहे. पण त्याच रस्त्यावर आपलाच भाऊ वडापावची गाडी लावतो, आणि आपल्याच वस्तीतील मुलगा त्याच रस्त्यावर दुसऱ्याच्या गाड्या लावतो. गाडीतला, गाडी लावणारा आणि गाडीमुळे हटवला गेलेला, हे तिघेही आपल्याच घरातले असू शकतात.

आता कायद्याकडे येऊ. वॅलेच्या हाती किल्ली दिली की नेमके काय घडते, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १४ नोव्हेंबर २०१९ रोजी दिले. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात १९९८ च्या ऑगस्टमध्ये एका ग्राहकाने रात्री आपली मारुती झेन वॅलेच्या ताब्यात दिली. मध्यरात्रीनंतर तो बाहेर आला तेव्हा गाडी दुसराच कोणीतरी घेऊन गेला होता. विमा कंपनीने ग्राहकाला पैसे दिले आणि मग हॉटेलवर दावा केला. हॉटेलचा बचाव काय होता? कुपनावर छापले आहे की जबाबदारी मालकाची. न्यायालयाने हा बचाव मान्य केला नाही. किल्ली आणि गाडीचा ताबा हॉटेलकडे गेला म्हणजे भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे तो निक्षेप झाला. दुसऱ्याची वस्तू शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूसारखी सांभाळील तितकी काळजी घेणे हे कलम १५१ चे बंधन आहे. योग्य काळजी घेतली होती हे दाखवण्याचा भार हॉटेलवर आहे, आणि स्वतःचा निष्काळजीपणा कुपनाच्या बारीक अक्षरांमागे दडवता येत नाही, असा या निकालाचा आशय. ग्राहकाने न्याय मिळेपर्यंत २१ वर्षे वाट पाहायची, ही आपल्या व्यवस्थेची गती!

तो निकाल चोरीचा होता, चलनाचा नव्हता, हे मान्य. पण माझ्या मते तत्त्व तेच लागू पडते. माझी गाडी सांभाळायला घेऊन तुम्ही ती नो पार्किंगमध्ये उभी केली, तर ती शहाण्या माणसाची काळजी होत नाही. त्या चलनाची भरपाई हॉटेलने दिली पाहिजे. मुलाने नव्हे, हॉटेलने.

मुलाच्या पगारातील कपातीबाबतही कायदा गप्प नाही. पूर्वी १९३६ चा वेतन अदायगी कायदा होता, २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली आहे. नवे कामगार कायदे कामगारांच्या बाजूचे आहेत असे प्रमाणपत्र मी देणार नाही, त्यांतील अनेक तरतुदींना माझा विरोध आहे. पण पगार कापण्याविषयीचे जुने संरक्षण त्यांत टिकले आहे. मालकाला वाटेल तेव्हा पगार कापता येत नाही. दंड त्या वेतनकाळातील पगाराच्या ३ टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही. नुकसानभरपाई म्हणून कापायचे तर ते नुकसान त्या कामगाराच्याच हलगर्जीपणाने थेट झालेले असले पाहिजे, आणि आधी त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. इथे हलगर्जीपणा कुणाचा? हॉटेलकडे स्वतःची जागा नाही. संध्याकाळी आठ ते दहा या दोन तासांत गाड्या येतच राहतात. मुलाने त्या कुठे नेऊन ठेवायच्या, आकाशात?

वॅले ही सोय ग्राहकाला दिली जाते असे आपण समजतो. प्रत्यक्षात मात्र हॉटेलला जी जागा स्वतःच्या पैशाने निर्माण करायची होती, ती रस्त्यावरून फुकट उचलण्याची ही युक्ती आहे. नवी इमारत उभी राहते तेव्हा विकास नियंत्रण नियमांप्रमाणे उपाहारगृहाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात गाड्यांची जागा नकाशावर दाखवावी लागते. ही जागा चटईक्षेत्रात मोजली जात नाही, ती बिल्डरला मिळालेली सवलतच असते. मंजुरी मिळते, भोगवटा प्रमाणपत्र मिळते, आणि मग तळघरातील त्या जागेत कोठार येते, कधी भटारखाना, कधी आणखी वीस टेबले. नकाशावर गाड्या, जमिनीवर टेबले. अशा बेकायदा वापरबदलासाठी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली नोटीस देता येते. ती किती जणांना दिली जाते, हे वाचकांनी आपापल्या वॉर्डात जाऊन विचारावे. निवासी सोसायटीच्या तळमजल्यावर हॉटेल असेल तर आणखी एक गंमत असते. तेथे खांबांमधली जागा हॉटेलला 'विकली' असे सांगितले जाते. मोकळ्या खांबांमधली जागा बिल्डरला फ्लॅटसारखी स्वतंत्र विकता येत नाही, ती सर्वांच्या सामाईक वापराची आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

आता जरा हिशेब करू. मुंबईच्या १९९१ च्या नियमांत मोठ्या गाडीसाठी अडीच मीटर रुंद आणि साडेपाच मीटर लांब जागा धरली होती. म्हणजे १३.७५ चौरस मीटर, सुमारे १४८ चौरस फूट. लोअर परळच्या त्या हॉटेलपासून फार लांब नाही अशा ना. म. जोशी मार्गावर, वरळीला आणि नायगावला बीडीडी चाळी आहेत. आपल्या हजारो बांधवांच्या तीन-तीन पिढ्या त्या चाळींत गेल्या. तेथील खोली १६० चौरस फुटांची. एका खोलीत आजी-आजोबा, आई-वडील, मुले, पाहुणे आणि रात्री अभ्यास करणारा कुणीतरी. त्या खोलीसाठी लोकांनी दरमहा भाडे भरले, पुनर्विकासासाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढले. आणि जवळपास तेवढीच जागा एक गाडी दोन तासांच्या जेवणासाठी सार्वजनिक रस्त्यावर फुकट घेते.

दुसरीकडे फेरीवाला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००३ मध्ये मुंबईतील फेरीवाल्यांसाठी ज्या अटी घातल्या, त्यांत प्रत्येकाला एक मीटर बाय एक मीटर एवढीच जागा होती. एका गाडीच्या जागेत असे तेरा संसार बसतात. पुढे २०१४ साली पथविक्रेता कायदा आला, सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत कोणाला उठवू नये असे त्यात लिहिले गेले. मुंबईत नगर पथविक्रेता समितीवरील विक्रेत्यांच्या प्रतिनिधींची निवडणूक व्हायला ऑगस्ट २०२४ उजाडला. दहा वर्षे! या दहा वर्षांत पालिकेची गाडी किती वेळा आली आणि किती हातगाड्या उचलून नेल्या, याचा हिशेब फेरीवाल्यांनाच ठाऊक.

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ चे कलम ३१३ वाचा. रस्त्यावर खुर्ची, बाक, पेटी किंवा कोणतीही वस्तू परवानगीशिवाय ठेवण्यास त्यात मनाई आहे. कलम ३१४ खाली आयुक्त ती नोटीस न देताही हटवू शकतात. ओल्गा टेलिस प्रकरणात १९८५ साली पदपथावर राहणाऱ्यांच्या विरोधात याच कलमांची चर्चा झाली होती. आता हॉटेलसमोर पहा. प्लॅस्टिकचे शंकू, दोरी, कुंड्या, 'फक्त वॅलेसाठी' असा फलक. या वस्तू कलम ३१३ मध्ये बसत नाहीत काय? वडापावाची पेटी अतिक्रमण आणि हॉटेलची कुंडी सुशोभीकरण, हा भेद कोणत्या कलमात लिहिला आहे?

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात दुकाने, उपाहारगृहे आणि सार्वजनिक करमणुकीच्या जागा एका उपखंडात आहेत, तर विहिरी, तलाव, घाट, रस्ते दुसऱ्यात. ज्यांना हॉटेलच्या बाहेर वेगळ्या कपात चहा मिळत होता, ज्यांना गावच्या काही रस्त्यांवरून चालण्याची मुभा नव्हती, त्यांच्यासाठी बाबासाहेबांनी आणि संविधान सभेने हे दोन्ही दरवाजे उघडले. हॉटेलवाला रस्त्यात कुंडी ठेवतो तेव्हा तो जातिभेद करतो असे मी म्हणत नाही, उगाच शब्द स्वस्त करू नयेत. पण रस्ता कुणाच्या बापाचा नाही हे वाक्य आपल्या लोकांनी फार किंमत मोजून मिळवले आहे, ते वॅलेच्या कुपनावर सोडून देण्यासारखे नाही.

गिरणगावातील हॉटेलांबद्दल आणखी थोडे. या गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत, कारण धागा तोंडाने ओढावा लागे. बाबासाहेबांनी हा प्रश्न १९२८ च्या संपाच्या वेळी उचलला होता. पुढे १९८२ चा संप झाला, गिरण्या बंद पडल्या, २००१ साली नियम ५८ बदलला आणि जमिनीचा मोठा भाग गिरणी मालकांच्या हाती राहिला. त्या आवारांत कचेऱ्या आल्या, हॉटेले आली. कामगारांनी पायी यावे अशा बेताने बांधलेल्या आवारांत आता हजार गाड्या शिरू पाहतात. २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री कमला मिलच्या आवारात गच्चीवरील हॉटेलांना आग लागून १४ माणसे मेली. त्यानंतर काही दिवस पालिकेचे हातोडे चालले. गाडी कुठे लागते हे विचारणाऱ्याने त्याच फोनवर बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग कुठे आहे हेही विचारावे, असे मी त्या आगीपासून सर्वांना सांगतो.

मग गाडी घेऊन जेवायला जावेच कसे? अनुभवाने काही गोष्टी सांगतो. जुनी इराणी हॉटेले, माटुंग्याच्या किंग्ज सर्कलभोवतीची दाक्षिणात्य हॉटेले ही चालत येणाऱ्यांसाठी झाली, तेथे पार्किंग शोधणे म्हणजे विहिरीत समुद्र शोधणे. त्या ठिकाणी लोकलने जावे. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावू लागली आहे, त्यामुळे काळबादेवी, हुतात्मा चौक, चर्चगेट या भागांत जेवायला गाडी नेण्याचे कारणच उरले नाही. रविवारी फोर्टात गाडी कुठेही लागते, पण तेथील बरीच जुनी हॉटेलेही रविवारी बंद असतात. मॉलमध्ये जागा हमखास मिळते, पैसे घेतात. मॉलने पार्किंगचे पैसे घ्यावेत की नाही यावर गुजरात उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये 'नाही' असे म्हटले, तेलंगणा सरकारने २०१८ मध्ये पहिला अर्धा तास मोफत केला. महाराष्ट्रात ज्याच्या हाती फाटक, त्याचा दर. पुण्यात सम-विषम तारखांच्या फलकांचे गणित सोडवता येत असेल तर फर्ग्युसन रस्त्यावर जावे. तेथे मार्च २०१८ मध्ये मंजूर झालेले पार्किंग धोरण वर्षानुवर्षे कागदावरच राहिले.

खरा उपाय मात्र सार्वजनिक वाहनतळांचा आहे. मुंबईत २००८ पासून नियम ३३(२४) खाली बिल्डरांना जादा चटईक्षेत्र देऊन त्या बदल्यात पालिकेने बहुमजली वाहनतळ मिळवले. म्हणजे त्यांची किंमत शहराने आधीच मोजली आहे. दादरचे कोहिनूर हे त्यांपैकी एक. वाहनतळ रिकामे आणि बाहेरचा रस्ता तुंबलेला, म्हणून जुलै २०१९ मध्ये पालिकेने वाहनतळांच्या ५०० मीटर परिसरात बेकायदा गाडी लावणाऱ्यांना ५ हजारांपासून २३ हजारांपर्यंत दंड जाहीर केला होता. दंडाने भागले नाही. हॉटेलवाल्यांना परवाना देतानाच अट घाला की वॅलेची गाडी अशा वाहनतळावरच जाईल, त्याची पावती ग्राहकाला मिळेल आणि भाडे हॉटेल भरील. अवघड काय आहे?

सरकार काय करते? मे २०२५ मध्ये परिवहन मंत्र्यांनी जाहीर केले की पार्किंगच्या जागेचे प्रमाणपत्र नसेल तर नव्या गाडीची नोंदणी होणार नाही. जपानमध्ये १९६२ पासून तसा कायदा आहे. घोषणा चांगली आहे. पण त्याच मे महिन्यात, ९ तारखेला, बेस्टचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. गाडीवाल्याला सांगायचे गाडी घेऊ नको आणि बसवाल्याकडून दुप्पट घ्यायचे, ही दोन्ही धोरणे एकाच महिन्यात सुचणारे डोके कसे असेल?

माझ्या आईचा प्रश्न मात्र मेट्रोने सुटत नाही, हेही मी मान्य करतो. तिला दारापर्यंत वाहन लागतेच. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अशांसाठीच आहे. दारासमोरची एक-दोन गाड्यांची जागा काठी आणि चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांसाठी मोकळी राहिली पाहिजे. त्या हॉटेलच्या दारात मात्र सर्वांत महागड्या दोन गाड्या शोभेसाठी उभ्या होत्या, आणि आमची जुनी गाडी मागच्या रस्त्यावर चलन खात होती.

मी त्या हॉटेलला नोटीस पाठवली. मागण्या दोनच होत्या, चलनाची रक्कम द्या आणि मुलाच्या पगारातून या महिन्यात जे कापले ते परत करा. दोन ओळींचे उत्तर आले की वॅलेचे काम ठेकेदाराकडे आहे, मुलाशी हॉटेलचा संबंध नाही. ठेकेदाराने पगार थकवला तर मुख्य मालकाला तो द्यावा लागतो हे त्यांच्या वकिलाला माहीत नसेल असे मला वाटत नाही. दाजींनी त्या मुलाचा पत्ता मिळवला आणि ते त्याच्या घरी जाऊन आले. निवृत्तीनंतर काय करणार असे ताई त्यांना विचारत होती, त्याचे उत्तर मिळाले. मुलगा सुरुवातीला घाबरत होता. आता त्याच्याबरोबर आणखी चार मुले यायला तयार आहेत, आणि पाचही जण आपापल्या पगाराच्या चिठ्ठ्या गोळा करीत आहेत.

माहिती अधिकार कायद्याखाली मी महापालिकेच्या संबंधित कार्यालयात अर्जही केला आहे. त्या इमारतीच्या मंजूर नकाशात किती गाड्यांची जागा दाखवली आहे आणि तेथे आज काय आहे, एवढेच विचारले आहे. ३० दिवसांची मुदत पुढच्या आठवड्यात संपते. उत्तर आले तर याच स्तंभात छापीन, आणि नाही आले तर पहिल्या अपिलाची तारीख.